अंगणात बांधलेल्या मोटारी

जुनी मोटार विकत घेऊन ती आपल्या घरी, आपल्या ऐपतीत, पुन्हा धावती करणे हा धनिकांचा छंद आहे अशी समजूत अलीकडे रूढ झाली असून, रविवारी सकाळी मुंबईच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकींनी आणि संस्थानिकांच्या वारसांकडे असलेल्या लांबलचक, पितळी दिव्यांच्या मोटारींच्या छायाचित्रांनी तिला बळकटी आलेली आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यासाठी बाहेर निघते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या गर्दीच्या मनात जो आदर दाटतो तो सर्वस्वी यथार्थ आहे. राजवाड्यांनी या वस्तू जपल्या हे त्यांचे ऋणच मानले पाहिजे. परंतु मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक या शहरांतून सामान्य गृहस्थाने आपल्या बंगलीच्या, वाड्याच्या वा इमारतीच्या आवारात मोटार सुटी करून पुन्हा बांधण्याची जी परंपरा गेल्या पाऊणशे वर्षांत निर्माण झाली, तिचे कूळ निराळे आहे. टंचाई हे तिचे मूळ. सरकारी परवाना ही तिची परिस्थिती. आणि ज्याचे नाव कोणत्याही दफ्तरात नोंदले गेले नाही असा मिस्त्री हा तिचा कर्ता पुरुष. या मिस्त्रीने गरजेपोटी गाडीत जे फेरफार केले, तेही त्या गाडीच्या इतिहासाचे अस्सल अंग आहे, असे माझे मत असून ते सकारण मांडावे यासाठी हा लेखनप्रपंच.

मोटारगाडी मुंबईत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि पुढील पंचवीस वर्षे ती सर्वार्थाने परदेशी वस्तूच राहिली. फोर्ड कंपनीने १९२६ साली येथे आपली हिंदी शाखा स्थापन केली, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला, तेव्हा लाकडी खोक्यांतून आलेले सुटे भाग एकत्र करून संपूर्ण गाडी उभी करण्याचे काम प्रथमच हिंदी कामगारांच्या हाती आले. कोणता भाग कोणत्या जागी बसतो, कोणता स्क्रू किती आवळावा, हे त्या कामगारांना तेथे कळले. परंतु तो भाग ओततात कसा, घडवतात कसा, याचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचू देण्याचे त्या कंपन्यांना काही कारण नव्हते. हे ज्ञान आले ते आपत्तीमुळे. दुसरे महायुद्ध सुरू झाले, सुट्या भागांची आयात आटली, पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या दिसू लागल्या. ज्यांनी त्या काळात घाटावरून प्रवास केला त्यांना ते दृश्य विसरता येत नसे : गाडी सुटण्यापूर्वी बराच वेळ आधी क्लीनरने भट्टी पेटवावी, पंखा हाताने फिरवून निखारा फुलवावा, आणि त्या अर्धवट ज्वलनातून निघणारा वायू नळीने इंजिनात जाऊ लागला की गाडीने कुरकुरत चढण चढावी. त्या भट्ट्या, त्या गाळण्या, हवा आणि वायू यांचे मिश्रण साधणाऱ्या त्या झडपा गावोगावच्या लहान कारखान्यांतून बसवल्या गेल्या. चालू इंजिनाला त्याच्या कर्त्याने कधी कल्पिले नव्हते असे इंधन पचवायला लावणे ही आपल्याकडील मोटार-सुधारणेची पहिली मोठी शाळा होती, असे मी समजतो. युद्ध संपले आणि लष्कराने टाकून दिलेल्या जीपगाड्या, मालमोटारी, इंजिने आणि हत्यारे यांचे लिलाव झाले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठी व्यवहारात रुळला तो तेव्हापासून. त्या लिलावांत स्वस्तात मिळालेल्या पान्यांच्या पेट्या पुढे कित्येक मिस्त्र्यांच्या घरी पिढीजात मालमत्तेप्रमाणे जपल्या गेल्या.

हिंदुस्थानात संपूर्ण मोटार घडवण्याचा कारखाना असावा ही कल्पना त्यापूर्वीचीच. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी चौथ्या दशकात तिची योजना आखून युरोप-अमेरिकेत त्यासाठी वाटाघाटी केल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी ती कल्पना उचलून धरली. आणि परकीय सरकारच्या उदासीनतेला पुरून उरून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये जुळवून बाहेर पडू लागल्या. स्वतंत्र सरकारने प्रथम तयार गाड्यांच्या आयातीस मनाई केली, आणि १९५३ साली आणखी एक निर्णायक पाऊल टाकले : ज्यांच्यापाशी या देशात गाडी घडवण्याचा क्रमबद्ध कार्यक्रम नाही, केवळ जुळणीचा धंदा आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी तो गुंडाळला. त्याच वर्षी फियाट कंपनीची ११०० या नावाची, नव्या घडणीची लहान, चार दारांची गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली, आणि लवकरच तिची जुळणी कुर्ल्यात होऊ लागली. गोल पाठीची, फुगीर नाकाची, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी ही गाडी मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ या नावाने आपलीशी केली. हे नाव उपहासाने दिलेले नव्हे, जवळिकीने दिलेले होते. ज्याच्या दारात ती उभी होती तोही तिला त्याच नावाने हाक मारीत असे. १९६४ साली तिच्या जागी चौकोनी अंगलटीची ‘डिलाइट’ आली, पुढे ती ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘पद्मिनी’ झाली. नावे बदलली, पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. आतील यंत्र मात्र जवळपास तेच राहिले. ही स्थिरता पुष्कळांना उत्पादकाच्या आळसाचे लक्षण वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु घरी गाडी बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी कृपाच ठरली, कारण एका पिढीच्या गाडीचा भाग दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसत असे.

परवान्यांच्या त्या राज्यात नवी मोटार मिळवणे म्हणजे काय होते याची कल्पना आजच्या तरुणास येणे कठीण आहे. १९५९ सालच्या मोटार वितरण व विक्री नियंत्रण हुकमाने गाडीच्या वाटपाची व्यवस्था सरकारच्या नजरेखाली आली. अर्ज करावा, नाव यादीत लागावे, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी. आणि गाडी हाती आल्यानंतरही ठरावीक मुदतीच्या आत ती परवानगीवाचून विकण्याची मुभा नसावी, असा तो कारभार होता. देशात कारखाने अवघे तीन : कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मद्रासेत स्टँडर्ड, आणि मुंबईत प्रीमियर. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, पण त्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच्या. याचा एक विपरीत परिणाम असा की थोडीशी वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जावी, आणि पुरती जीर्ण झालेली गाडीही भंगारात न जाता चौथ्या-पाचव्या मालकाच्या दारात जावी. तालुक्याच्या गावचा डॉक्टर, नुकती सनद मिळालेला वकील, लहानसहान कंत्राटे घेणारा इसम, बाहेरगावी व्याख्याने देत फिरणारा प्राध्यापक यांच्या हाती जी पहिली मोटार येई ती अशी, बारा-पंधरा पावसाळे खाल्लेली. तिला घेऊन मोठ्या गॅरेजची पायरी चढण्याइतका पैसा त्याच्या गाठीशी नसे. म्हणून गॅरेजच त्याच्या घरी येई.

ते रविवारी येई. हा मिस्त्री बहुधा दुसरीकडे चाकरीस असे. रेल्वेच्या परळ वा माटुंग्याच्या कारखान्यातला फिटर, गिरणीच्या मेकॅनिक खात्यातला जॉबर, किंवा १९४८ च्या १ जून रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सोडून सुरू झालेल्या एस. टी.च्या दापोडी कार्यशाळेत हात बसलेला कामगार, असे त्याचे नानाविध उगम होते. आठवडाभर सरकारी वा कंपनीच्या यंत्रांवर मिळवलेले कौशल्य तो सुटीच्या दिवशी, चहा, जेवण आणि बेताची मजुरी यांच्या मोबदल्यात, एखाद्या गृहस्थाच्या अंगणात आणून ओती. बरोबर एखादा पोऱ्या असे, जो पहिली दोन वर्षे फक्त रॉकेलच्या थाळ्यात नट-बोल्ट धुई, आणि धुता धुता कोणता बोल्ट कोठला हे बोटांनी ओळखू लागे. इंजिन उतरवण्यासाठी क्रेन कोठून येणार? कडुलिंबाची वा आंब्याची जाड फांदी पाहावी, तिला गोणपाट गुंडाळून साखळीची पुली टांगावी, बॉनेट काढून ठेवावे, आणि इंजिन वर उचलून गाडीच मागे ढकलावी, ही सर्वमान्य रीत होती. ज्या घरी झाड नाही त्या घरी पोर्चच्या तुळईला साखळी बांधत. मालकाने स्वतः काय करायचे हेही ठरलेले असे. ग्रीस खरवडणे, भाग क्रमवार मांडून त्यांच्या चिठ्ठ्या लिहिणे, बाजारातून माल आणणे आणि रात्री जमाखर्च मांडणे ही त्याची कामे. आणि अनेक मालक या कामांतून हळूहळू स्वतःच इंजिन बांधू लागले. मुलीही त्यात मागे नव्हत्या. बापाच्या हाताखाली प्लगची फट पत्तीने मापणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

या गाडीच्या इंजिनाकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण घरी बांधता येण्याजोगी यंत्ररचना हीच या सर्व परंपरेची पूर्वअट होती. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, एकूण आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. या दोन धातूंच्या संसारातच या गाडीची जुनी व्याधी दडलेली आहे. खंडाळ्याचा घाट चढताना रेडिएटरातले पाणी उकळले आणि चालकाने तशीच गाडी रेटली की ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते, गॅस्केट फुटते, पाणी तेलात उतरते, आणि डिपस्टिक काढून पाहावी तो तेल ताकासारखे पांढरे. मिस्त्री हेड उतरवून त्याच्या पोटावर पोलादी पट्टी आडवी धरीत असे आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहत असे. उजेड दिसला की हेड ‘फेसिंग’ला जाई, म्हणजे यंत्रावर धरून त्याचा पृष्ठभाग केसभर घासून सपाट केला जाई. व्हॉल्व्ह बसवण्याची त्याची पद्धती तर पाहत राहावी अशी असे. लाकडी दांडीच्या टोकाच्या रबरी वाटीने व्हॉल्व्हचे डोके धरायचे, त्याच्या काठाला घासणीची पेस्ट लावायची, आणि दोन्ही तळव्यांत दांडी घोळवीत, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलीत, व्हॉल्व्ह व त्याची बैठक या दोहोंवर अखंड करडी कडी उमटेपर्यंत घासत राहायचे. मग हेड उलटे ठेवून प्रत्येक खोबणीत रॉकेल ओतायचे आणि चहा घ्यायला बसायचे. चहा संपेपर्यंत रॉकेलचा थेंबही झिरपला नाही तर काम पुरे. झिरपला तर पुन्हा दांडी हाती. या परीक्षेला कोणतेही मापनयंत्र लागत नाही, आणि तिने दिलेला निकाल मी कधी खोटा ठरलेला पाहिला नाही.

क्रँकचे गणित याहून सूक्ष्म. क्रँकशाफ्ट झिजला की तो ग्राइंडिंगवाल्याकडे नेऊन इंचाचा दहा सहस्रांश भाग कमी करायचा आणि त्या मापाची जाड बेअरिंगे घालायची. पुढल्या खेपेस वीस, त्यापुढे तीस, आणि शेवटी चाळीस. म्हणून जुनी गाडी घेणारा जाणता मनुष्य रंगाची वा गाद्यांची चौकशी करण्यापूर्वी ‘क्रँक कितीवर आहे?’ असे विचारीत असे, आणि या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या इंजिनाचे उरलेले आयुष्य त्याला कळत असे. सिलिंडरांचे तसेच, ते झिजले की बोअर मोठा करून मोठे पिस्टन घालायचे, आणि मोठे करण्याची सोय संपली की आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे. याप्रमाणे एकच ब्लॉक तीन-चार आयुष्ये जगत असे. नवी वस्तू मिळतच नाही अशा समाजात यंत्राच्या झिजेचाही हिशेब किती काटेकोर ठेवला जात असे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईची टॅक्सी हा या विद्येचा सर्वांत मोठा आश्रय होता. काळ्या-पिवळ्या फियाटीचे इंजिन रात्री उतरवून पहाटेपर्यंत बांधून देणारी माणसे या शहरात होती, आणि घरगुती गाडीवाल्याला मिळणारी मजुरीची सवलत व मालाची सुलभता ही त्या हजारो टॅक्स्यांच्या छत्राखालची होती.

इंजिन बांधणे हे कुशलतेचे काम, पण गाडीचा प्राण वाचतो वा जातो तो पत्र्यात. ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानी येत नाही. जुन्या अमेरिकी गाड्यांना किंवा जीपला खाली स्वतंत्र चेसिस असे, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत. फियाट ११०० ला असा वेगळा सांगाडाच नाही, तिचे कवच हाच तिचा कणा. मुंबईची खारी हवा आणि कोकणातला पाऊस यांनी तिच्या पायपुशीखालचा तळ, दाराखालची पोकळ पट्टी आणि चाकांच्या कमानी पोखरल्या की गाडी मध्यभागी खचते, आणि दार उघडले की ते पुन्हा लागत नाही. अशा गाडीची दाराखालची पट्टी एकदम कापून काढणे म्हणजे तिचे अखेरचे मोडणे होय. चांगला पत्रेवाला आधी गाडी चार घोड्यांवर समपातळीत ठेवतो, दार बंद होते इतपत जॅकने ती सावरतो, दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करून ते माप बांधून टाकतो, आणि मगच सडका भाग कापतो. कापतो तोही टप्प्याटप्प्याने, वीतभर कापावा आणि वीतभर नवा पत्रा जोडावा या क्रमाने. वेल्डिंगचा टाका लहान घ्यावा, थंड होऊ द्यावा, आणि मग दूरच्या दुसऱ्या टोकाला पुढचा घ्यावा, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगून लाटा उठतात. ही सबुरी महाग पडते, आणि म्हणून स्वस्त कामात सडक्या पत्र्यावरच लांबीचा जाड थर चढवून, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, त्यावर ड्यूको मारून गाडी चकचकीत करून दिली जाई. एका परिचितांनी अशीच देखणी गाडी हौसेने घेतली; एका पावसाळ्यानंतर मागच्या चाकाच्या कमानीतून आख्खा तुकडा निखळून रस्त्यावर पडला, आणि त्याच्या आत पत्रा औषधालाही नव्हता. तेव्हापासून मी जुनी गाडी पाहायला जाणाऱ्या प्रत्येकास चुंबक खिशात ठेवायला सांगतो : जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी आहे.

सुट्या भागांच्या बाजारपेठांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला पाहिजे. नवा माल हवा तर ऑपेरा हाउसच्या आसपासची दुकाने. जुना, काढलेला माल हवा तर भेंडीबाजारानजीकचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. या पेठांत मालाच्या प्रतींची एक अलिखित प्रतवारी होती. ‘कंपनीचा’ म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याच्या वेष्टनातला. ‘लोकल’ म्हणजे लहान कारखान्यात नक्कल करून घडवलेला. आणि ‘काढलेला’ म्हणजे दुसऱ्या गाडीतून उतरवलेला. अननुभवी गिऱ्हाईक लोकल नव्याला भुले, जाणकार मात्र काढलेला मूळ भाग शोधी, कारण कारखान्यातल्या पोलादाचा कस त्यात शिल्लक असे. रबराच्या बाबतीत मात्र उलट न्याय. ब्रेकची वायसरे, नळ्या, बुश जुने कधीही घेऊ नयेत.

आता सुधारणेचा विषय. फियाटला वर्षानुवर्षे वीज पुरवीत असे तो डायनॅमो. इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो पुरेसा भार उचलत नाही. आणि पावसाळी रात्री दादरच्या सिग्नलला गाडी थांबली असता दिवे, वायपर व इंजिन यांची मागणी बॅटरीवर पडून दिवे पिवळट होत जातात, हा अनुभव त्या काळच्या प्रत्येक चालकाने घेतलेला असे. मारुतीच्या गाड्या डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आल्या, आणि काही वर्षांतच त्यांचे अल्टरनेटर काढलेल्या मालाच्या बाजारात दिसू लागले. मिस्त्र्यांनी पट्टीचे एक ब्रॅकेट घडवून, पुलीची रेषा जुळवून, ते फियाटला बसवले आणि रेग्युलेटरची जुनी पेटी निकालात काढली. इग्निशनच्या सी. बी. पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जुळणी आली, तेव्हा दर काही हजार किलोमीटरांनी पत्ती घालून फट मापण्याचा ताप वाचला. चौदा इंची चाकांवर रेडियल टायर चढले आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा तोल सुधारला. पुढच्या दिव्यांना रिले लावून सरळ बॅटरीकडून तार दिली की स्विचही जळत नाही आणि उजेडही वाढतो. हे काम दोनशे-चारशे रुपयांच्या सामानात, एका दुपारी, घरच्या घरी होते, आणि माझ्या मते जुन्या गाडीवर खर्चलेल्या कोणत्याही रकमेचे याहून चोख मोल मिळत नाही. अलीकडे पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून आणखी एक बदल अपरिहार्य झाला आहे : पेट्रोल पंपाचा पडदा आणि सर्व रबरी नळ्या या मिश्रणाला टिकणाऱ्या जातीच्या घातल्या पाहिजेत, कारण जुने रबर त्यात फुगते, झिरपते, आणि गरम इंजिनावर झिरपलेले पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

ब्रेकच्या बाबतीत मी आग्रही आहे. मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम आणि सर्वांना मिळून द्रवाचा एकच मार्ग. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही सुधारणा जुन्या रूपाला अणुमात्र बाध आणत नाही आणि माणसाचा जीव वाचवते. ज्याच्यापाशी पैसा बेताचा आहे त्याने म्हणूनच खर्चाचा क्रम उलटा ठेवू नये. आधी ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे, मग तळाचा पत्रा, मग विजेच्या तारा, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. रंग दोन वर्षे लांबला तरी गाडीचे काही बिघडत नाही. याउलट स्टिअरिंगवरचा गिअर काढून तो जमिनीवर आणण्यासाठी तळाचा उंचवटा कापणे, किंवा दुसऱ्या जातीचे इंजिन घुसवण्यासाठी पुढची भिंत तोडणे, हे मला मान्य नाही. जे बोल्टने बसते आणि बोल्टने निघते ती सुधारणा. जे कापल्याशिवाय बसत नाही ते निराळ्या गाडीचे बांधकाम. जुन्या वस्तादांनीही बहुधा हीच मर्यादा पाळली, काहीशी तत्त्वाने आणि पुष्कळशी यासाठी की कापलेला पत्रा पुन्हा मिळणार कोठून?

कायद्याचा या विषयातला हात अलीकडे अधिक जाणवू लागला आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी निर्माण केली. तिचा क्रमांक ‘व्हीए’ अक्षरांचा, पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चेसिस, कवच वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा, आणि ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये. संग्रहालयात शोभणाऱ्या गाड्यांच्या दृष्टीने हे नियम उचितच आहेत. परंतु ज्या डॉक्टरच्या मुलाने बापाची १९६६ सालची डिलाइट घरी बांधून रोजच्या वापरात ठेवली आहे, त्याने या नोंदणीच्या वाटेस न जाता साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे, पर्यावरण कर भरावा आणि गाडी चालवीत राहावे, हेच मला अधिक इष्ट वाटते. ज्या वस्तूची परंपराच मुळी वापरात राहण्याची आहे ती वापराबाहेर काढून जपणे हे तिच्या स्वभावाशी जुळत नाही.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. टॅक्स्यांवर सरकारने २००८ साली पंचवीस वर्षांची आणि २०१३ साली वीस वर्षांची वयोमर्यादा घातली, तेव्हा कुर्ल्याच्या रस्त्यावर फियाटीच्या दारांचे, हेडांचे आणि गिअरपेट्यांचे ढीग लागले. भाव कोसळले, आणि दूरदृष्टीच्या काही गृहस्थांनी तेव्हाच दोन-दोन ब्लॉक, जास्तीचे दोन दरवाजे आणि पुढची काच विकत घेऊन माळ्यावर टाकली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपून रस्त्यावरून गेली, आणि ती आवक कायमची बंद झाली. आता गाडी बांधायला घेणाऱ्याने प्रथम भागांची यादी करावी आणि मग गाडी उघडावी. पूर्वीचा क्रम याच्या उलट होता, कारण पूर्वी भाग केव्हाही मिळत.

काढलेले भाग व कागदपत्रे यांबाबत एक सूचना या कामात नव्याने पडणाऱ्यांस अवश्य करावीशी वाटते. काढलेला डायनॅमो, पॉइंटांचा डिस्ट्रिब्युटर, जुना मास्टर सिलिंडर यांपैकी काहीही भंगारवाल्यास देऊ नये; तेल लावून, चिठ्ठी बांधून ते ठेवावे, म्हणजे पुढील मालकास हवे असल्यास गाडी मूळ रूपात परत नेता येईल. आणि ब्लॉक बदललाच, तर तो त्याच जातीचा असावा, ज्या गाडीतून तो काढला तिच्या विक्रीची पावती आणि नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हाती घ्यावा, व नवा इंजिन क्रमांक परिवहन कार्यालयात अर्ज करून पुस्तकात चढवून घ्यावा. तपासनीस येतो तो चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतो. त्या जागेवर रंगाचे थर चढू देऊ नयेत, आणि पत्रेवाल्याने ग्राइंडर हाती घेण्यापूर्वी ती पट्टी चिकटकागदाने झाकली आहे याची खातरजमा मालकाने स्वतः करावी.